रोजच्या जाण्यायेण्याला स्पोर्ट्स कार : टर्बो की सुपरचार्जर? (गाव नागपूर, महिना मे)

मनीषनगरी

मंडळी, नमस्कार.

घरची मोठी गाडी बायकोकडे असते. मला रोज मनीषनगरहून बुटीबोरी एमआयडीसी गाठायची असते. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सिग्नलवर सिग्नल खात परतायचं. दोन-सीटर घ्यायची हौस कॉलेजपासूनची आहे आणि चाळिशीच्या आत ती एकदाची फेडून टाकायची असं ठरवलंय. नवीन घेण्याएवढी ऐपत नाही, म्हणजे सेकंडहँडच. शोधाशोध करून दोन गाड्या नजरेत भरल्या आहेत.

एक मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर. १.८ लिटर इंजिन, त्यावर सुपरचार्जर (टर्बोसारखाच इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप), १८४ अश्वशक्ती, टप घडी होऊन डिकीत जातो. दुसरी ऑडी टीटी २.० टीएफएसआय. टर्बो, २११ अश्वशक्ती. दोन्ही ऑटोमॅटिक. किमतीत फार फरक नाही, आणि वयाने दोघी पंधराच्या उंबरठ्यावर.

आता ब्रँड, दिसणं, लोगो हे सगळं बाजूला ठेवा. मला कळायचंय ते एवढंच की नागपूरच्या उन्हात, एसी फुल ठेवून, रोज चालवायची असेल तर टर्बो बरा की सुपरचार्जर? जिथे तिथे वाचतो की सुपरचार्जरला खालून पिकअप असतो म्हणून शहरात तोच चांगला, टर्बो फक्त हायवेला. हे खरं का?

मायलेज विचारलेलं नाही. कृपया त्यावर प्रवचन नको.

तर्रीबाज

पोह्याची प्लेट घेऊन बसलो आहे. चालू द्या.

पुणेरी_पिस्टन

डोळे मिटून सुपरचार्जर घ्या. कारण सरळ आहे. सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो आणि पट्टा क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर. इंजिन फिरलं की तोही फिरला. पाय दाबला त्या क्षणी हवा तयार. टर्बोला आधी एक्झॉस्टचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचा जोर लागतो, मग टर्बाइन फिरणार, मग कॉम्प्रेसर फिरणार, मग तुमची गाडी हलणार. तोवर पुढचा रिक्षावाला वळून निघून गेलेला असतो.

माझ्याकडे जुनी मिनी कूपर एस आहे, पहिल्या पिढीची, सुपरचार्जरवाली. त्या पट्ट्याची शीळ ऐकली की दिवसभराचा शीण जातो. नंतरच्या पिढीला कंपनीने टर्बो बसवला. वेगाने ती जास्तच आहे, हे मान्य. पण मजा पहिलीच.

तर्रीबाज

पुण्यात गाडी हलते तरी का? शीळ ऐकायला थांबावंच लागत असेल.

पुणेरी_पिस्टन

@तर्रीबाज, थांबल्यावर शीळ वाजत नाही, दाबल्यावर वाजते. आणि आमच्याकडे ४५ अंश होत नाहीत, ही सोय आहेच.

बजाजनगरचा_मास्तर

शेवटचं वाक्य पिस्टनरावांनी गमतीत लिहिलंय, पण धाग्याचं खरं उत्तर तिथेच दडलंय. जरा सविस्तर लिहितो, वर्गात बसल्यासारखं वाटलं तर माफ करा. पेशाने शिकवतो, सवय जात नाही.

हवा दाबली की तापते. टर्बो असो की सुपरचार्जर, यातून सुटका नाही. किती तापते ते तीन गोष्टींवर ठरतं : आत येणारी हवा किती गरम, ती किती दाबली, आणि दाबणारं यंत्र किती कार्यक्षम. अर्धा बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा वाढवलेला दाब) धरू, म्हणजे दाब साधारण दीडपट. युरोपात १५ अंशांची हवा आत घेतली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असली, तर हवा ६५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. तेच यंत्र मे महिन्यात वर्धा रोडवर ४५ अंशांची हवा घेईल तेव्हा बाहेर शंभरच्या घरातली हवा मिळेल. आणि यंत्र जुन्या रूट्स धाटणीचं (दोन पाकळ्या फिरवून हवा ढकलणारं), ५५ टक्के कार्यक्षमतेचं असेल, तर एकशे दहाच्या पुढे जाईल. हे सगळं इंटरकूलरच्या, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या आधीचं.

शिवाय ४५ अंशांची हवा मुळातच विरळ. १५ अंशांच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानात जवळपास दहा टक्के कमी प्राणवायू. म्हणजे आपली गाडी माहितीपत्रकातल्या अश्वशक्तीने उन्हाळ्यात धावत नाही. गरम हवेमुळे इंधन वेळेआधी पेटायला बघतं, नॉकिंग होतं. ते टाळायला गाडीचा संगणक ठिणगी उशिरा देतो, आणि ताकद आणखी उतरते.

यात टर्बोला एक सवलत आहे. त्याचा वेग क्रँकला बांधलेला नसतो. हवा विरळ असली तर संगणक वेस्टगेट (टर्बाइनला चुकवून धूर बाहेर सोडणारी झडप) बंद ठेवून टर्बो जास्त फिरवू शकतो आणि हवी तेवढी हवा काही मर्यादेपर्यंत भरून काढतो. सुपरचार्जरच्या पुलीचं माप ठरलेलं. इंजिनच्या इतक्या फेऱ्यांना सुपरचार्जरच्या इतक्या, विषय संपला. डिसेंबर असो की मे.

आता खालच्या पिकअपबद्दल. एसएलके २०० चं टॉर्क (फिरवण्याचा जोर) २५० न्यूटन मीटर, तेही मिनिटाला २८०० फेऱ्यांपासून पुढे. टीटीच्या या इंजिनाचं ३५० न्यूटन मीटर, १६०० फेऱ्यांपासूनच. म्हणजे कागदावर टर्बोच खालून जास्त ओढतोय! 'सुपरचार्जर म्हणजे खालची ताकद' हे १९८०-९० च्या मोठ्या, आळशी टर्बोंच्या तुलनेत खरं होतं. लहान टर्बाइन, थेट इंजेक्शन आणि बऱ्या संगणकामुळे ते चित्र पालटलं.

पण पिस्टनरावांचं म्हणणं पूर्ण खोडून काढता येत नाही. टॉर्कचा आलेख काढताना इंजिन एका वेगावर स्थिर धरलेलं असतं, टर्बो आधीच पूर्ण फिरत असतो. तुम्ही सिग्नलवरून सुटताना तो स्थिर नसतो. पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा जो थांबा आहे तो त्या आलेखात कुठेच दिसत नाही. तो फक्त चालवून कळतो. सुपरचार्जर त्या थांब्यात जिंकतो, आणि त्यानंतर हरतो.

मिशिगनस्थ

मास्तरांना नमस्कार. मूळचा धरमपेठचा, आता बरीच वर्षं डेट्रॉइटच्या बाजूला.

गरम हवा आणि नॉकिंगवरून आठवलं. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. टर्बो घालून विकल्या गेलेल्या पहिल्या दोन प्रवासी गाड्यांतली ती एक, दुसरी शेवरले कॉर्वेअर. जेटफायरचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त होतं, त्यावर बूस्ट. नॉकिंग होऊ नये म्हणून त्यांनी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी होती. आता सांगा, कोण लक्षात ठेवून ती टाकी भरणार? लोकांनी भरली नाही, तक्रारी वाढल्या, आणि कंपनीने पुढे गाड्या परत बोलावून टर्बो काढून द्यायला सुरुवात केली.

दुसरं टोक म्हणजे डॉज हेलकॅट. ६.२ लिटरचं व्ही-८, त्यावर सुपरचार्जर, ७०७ अश्वशक्ती. तो सुपरचार्जर फिरवायलाच जवळपास ८० अश्वशक्ती खर्च होतात, असं कंपनीच सांगते. म्हणजे एका छोट्या हॅचबॅकचं अख्खं इंजिन फक्त पंखा फिरवतंय. टर्बोला ही ताकद एक्झॉस्टमधून मिळते, जी एरवी सायलेन्सरमधून वाया जाते. अगदी फुकट नाही, कारण टर्बाइनमुळे एक्झॉस्टला अडथळा होतो, पण स्वस्त नक्कीच.

म्हणूनच एकेक कंपनी सुपरचार्जर सोडत गेली. मर्सिडीजने तर १९२१ मध्ये सुपरचार्जरवाल्या गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या होत्या, एवढी जुनी त्यांची परंपरा. तरी २००९ च्या सुमारास सी-क्लासमध्ये त्याच १.८ लिटर इंजिनाच्या घराण्याला त्यांनी टर्बो लावला. एसएलकेवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अवांतर : फोक्सवॅगनने २००५ मध्ये गोल्फ जीटीत दोन्ही एकत्र बसवले होते. खाली सुपरचार्जर, वर टर्बो. साडेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे सुपरचार्जरला पूर्ण सुट्टी. चालवायला भन्नाट. दुरुस्तीला कोणाकडे न्यायची ते मात्र विचारू नका.

वाडीचा_मिस्त्री

आमच्या पोरानं हा धागा दाखवला म्हणून लिहून रायलो. शुद्धलेखनाचं पाहू नका.

मास्तर, तुमचं गणित बरोबर असन. मी माहं सांगतो. अमरावती रोडनं वाडीत या, ट्रकच ट्रक उभे आहेत. हरेक ट्रकले टर्बो. गावातल्या हरेक डिझेल कारले टर्बो. टर्बो गेला तं कोर बदलून भेटते, बॅलन्सिंग करून भेटते, धूर कायचा आहे ते आमचं बारकं पोट्टं बी सांगते. आता सुपरचार्जर म्हनसान तं, इतक्या वर्साच्या धंद्यात माह्याकडं लई कमी आले. त्याचं बेअरिंग वाजू लागलं तं मी काय सांगू गिऱ्हाइकाले? मुंबईले पाठवा, नाही तं बाहेर देशातून जुना मागवा. तवर गाडी माह्या शेडमंदी धूळ खाते.

ते शीळ-बीळ ठीक आहे भाऊ. पन रोजची गाडी म्हनजे उद्या सकाळी आठ वाजता चालू झाली पाह्यजे.

पुणेरी_पिस्टन

मिस्त्री, मान्य. पण एक बोला. सुपरचार्जर बिघडतो किती वेळा? त्याला ना एक्झॉस्टची आच लागते, ना लाखभर फेऱ्या. आत स्वतःचं तेल, बाहेर एक पट्टा आणि एक टेन्शनर. पट्टा बदलत राहा, एवढंच.

वाडीचा_मिस्त्री

बिघडते कमी, हे खरं. बिघडल्यावर काय, ते म्या सांगितलं.

लाल_हॅचबॅक

मी रोज चालवते, म्हणून लिहिते. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), सिव्हिल लाइन्स ते हिंगणा. स्पोर्ट्स कार नाही, पण हट्टाने तशीच चालवते.

पुस्तकी लॅगपेक्षा (बूस्ट येईपर्यंतचा तो थांबा) मला उन्हाळ्यातली एक वेगळीच गोष्ट छळते. दुपारी तीनला शंकरनगर चौकात दोन सिग्नल अडकलात की गाडीच्या नाकात सगळी भट्टी पेटते. पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्यालगत इंटरकूलर, मागे रेडिएटर. एसी फुल असतो, म्हणजे कंडेन्सर आपली गरम हवा मागच्यांच्या तोंडावर सोडतो. गाडी थांबलेली, वारा नाही, फक्त पंखा. मग सिग्नल सुटतो, तुम्ही दाबता, आणि गाडी जणू 'थांबा हो जरा' म्हणते. ते लॅग नसतं, तो तापलेला इंटरकूलर असतो. अर्धा किलोमीटर धावली की पुन्हा ताळ्यावर येते. जानेवारीत हीच गाडी त्याच चौकातून गोळीसारखी सुटते.

दुसरं, कडक हायवेनंतर मी लगेच बंद करत नाही. समृद्धीवरून उतरल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवते आणि घरी आल्यावर थोडा वेळ तशीच चालू ठेवते. गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो, शेजारच्या काकू रोज सांगायला येतात की तुमची गाडी चालू राहिली.

मनीषनगरीभाऊ, एसएलकेचा टप उघडून बुटीबोरीला जायचं स्वप्न असेल तर ते डिसेंबर-जानेवारीतच बघा. मे महिन्यात टप उघडला तर वडी वाळत घातल्यासारखे वाळाल.

बजाजनगरचा_मास्तर

ताईंनी जे सांगितलं त्याला पूर्ण अनुमोदन. थोडी भर.

इंजिन बंद करण्याआधी थांबायचं कारण तेल. पेट्रोल गाडीत टर्बाइनपाशी येणारा धूर नऊशे अंशांच्या वर जातो. डिझेलपेक्षा बराच जास्त. त्यामुळे मिस्त्रींच्या ट्रकचा अनुभव पेट्रोल टर्बोला जसाच्या तसा लागू होत नाही, एवढी दुरुस्ती करतो. इंजिन एकदम बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो, बेअरिंगमधलं तेल तिथेच भाजतं आणि त्याचा कोळसा होतो. आताच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याचंही थंडीकरण असतं, आणि इंजिन बंद झाल्यावरही एक छोटा विजेचा पंप ते पाणी फिरवत राहतो. काकूंना सांगा की चिंता नको.

तरी शहरात हळू येऊन घरी लावली तर मुद्दाम थांबायची गरज नाही. ती शेवटची शांत दोन किलोमीटर हीच ती काळजी.

सिव्हिल_लाइन्स

काळा कोट घालते, त्यामुळे यंत्राचं मला कमी कळतं. पण पुढच्या दोन प्रतिसादांत कोणीतरी म्हणणार की 'त्यापेक्षा साधी गाडी घे आणि टर्बोचं किट बसव', म्हणून आधीच लिहून ठेवते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. पण माझ्या मते खरी भीती दंडाची नाही, विम्याची. विमा कंपनीला न सांगता टर्बो बसवला आणि पुढे अपघात झाला, तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल तर वसुली तुमच्या मागे लागू शकते.

कारखान्यातूनच टर्बो किंवा सुपरचार्जर घेऊन आलेल्या गाडीला यातलं काहीच नाही. त्यामुळे धागाकर्त्यांचा रस्ता बरोबर आहे.

पण 'पंधराच्या उंबरठ्यावर' हे वाक्य खटकलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. आणि गाडी दिल्लीहून येत असेल तर आणखी जपून. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे बंधनं आहेत म्हणून तिथून स्वस्तात येतात, आणि मग इथे एनओसी आणि रोड टॅक्सच्या खेपा सुरू होतात.

तर्रीबाज

अर्र. मी किट सुचवणारच होतो.

मनीषनगरी

सगळ्यांचे आभार. विशेषतः मास्तर, मिस्त्री आणि सिव्हिल लाइन्स ताई. एसएलके खरंच दिल्लीची निघाली. दलाल म्हणाला होता, 'सर, पेपर सब क्लिअर है.' खोदून विचारल्यावर एनओसी 'एप्लाय की है' असं उत्तर आलं. टीटी एमएच ३१, एकाच मालकाची.

तरी मनातून एसएलके जात नाही. रविवारी दुपारी दोन्ही चालवायला मिळतायत. काय काय बघू?

वाडीचा_मिस्त्री

पहिले थंड इंजिन पाह्यजे. मालकाले सांगजा, आम्ही येईपर्यंत चालू करू नको. बोनेटले हात लावून पाहजा. गरम असन तं समजून जा, काही लपवून रायला.

टर्बोच्या गाडीत : हवेचा पाइप काढून आत बोट घाला, टर्बोचं चाक हलवून पाहा. इकडून तिकडं कनभर हलते, ते चालते. आत-बाहेर हलू नये. पाइपात तेलाचा पातळ थर राहते, घाबरू नका. तेल साचून असन तं गाडी नका घेऊ. मग दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा आन एकदम रेस द्या. निळा धूर दिसला तं पैसे खिशातच ठेवा.

सुपरचार्जरच्या गाडीत : पट्ट्याले भेगा आहेत का, टेन्शनरची पुली वाजते का. जमलं तं पट्टा उतरवून हातानं फिरवा. घरघर आली तं बेअरिंग गेलं. आन त्या १.८ इंजिनात टायमिंग चेन लांबते, हे साऱ्यांले माहीत आहे. सकाळी पहिल्या सेल्फले दोन-चार सेकंद खडखड ऐकू आली तं चेनचा खर्च धरून भाव करजा.

मिशिगनस्थ

टीटीच्या बाजूनेही एक लक्षात ठेवा. त्या पिढीच्या २.० टीएफएसआयमध्ये तेल जास्त जळण्याची तक्रार जगभर झाली होती, मूळ कारण पिस्टन रिंगा. जुनी सर्व्हिस बिलं मागा, मधे मधे तेल टॉपअप केल्याच्या नोंदी आहेत का बघा. शिवाय थेट इंजेक्शन असल्याने इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, ती ठरावीक काळाने साफ करून घ्यावी लागते. एसएलकेच्या त्या इंजिनात पेट्रोल पोर्टात, म्हणजे व्हॉल्व्हच्या अलीकडच्या वाटेत फवारलं जातं, त्यामुळे हा त्रास नाही.

दोन्ही गाड्या ई-२० पेट्रोल येण्याच्या आधीच्या. इंधनाच्या नळ्या, रबरी सील तपासून घ्या. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, नॉकिंगला ते बरंच आहे. जुन्या रबराला मात्र ते मानवेलच असं नाही.

बजाजनगरचा_मास्तर

आणि एक ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) न्या. हजार-पंधराशेत मिळतो, मोबाइलला जोडतो. 'इनटेक एअर टेम्परेचर', म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, हा एकच आकडा उघडून ठेवा. बाहेर ४४ असताना धावत्या गाडीत तो पन्नाशीच्या मध्यावर असेल तर इंटरकूलर जिवंत आहे. सत्तरीला जाऊन तिथेच ठाण मांडत असेल तर काहीतरी अडलंय. दुपारी तीनलाच चालवा. सकाळी सातला कुठलीही गाडी चांगलीच चालते.

मनीषनगरी

जाऊन आलो. नवतपा सुरू झालेला, रस्त्यावर कुत्रं नाही, छत्रपती चौकातही सावलीत दडून बसलेले दोन ट्रॅफिक हवालदार सोडले तर कोणी नाही. दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने चालवल्या : छत्रपती चौक, मेट्रोच्या खांबाखालून विमानतळापर्यंत, पुढे जामठा, आणि परत. एसी फुल.

आधी एसएलके. पिस्टनराव, तुम्ही खोटं बोलत नव्हता. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगात पायाखाली जे काही घडतं ते एकदम सरळ आहे. जेवढं दाबाल तेवढं, त्याच क्षणी. सोनेगावच्या वळणावर अर्धा पाय ठेवून जी शीळ आली ती अजून कानात आहे. पण स्कॅनरचा आकडा थांबल्यावर ७३ झाला आणि जामठ्यापर्यंत साठीच्या खाली आलाच नाही. स्टेडियमपाशी उतरून टॉर्च मारून पाहिलं तर इंटरकूलरच्या पापुद्र्यांमध्ये वाळलेली काळी माती. खालचा एक कोपरा तर विटेसारखा घट्ट बसलेला. ही गाडी कुठल्या तरी शेतात नेऊन उभी केलेली होती, किंवा पुराच्या पाण्यात. दलालाला विचारलं तर तो फोनवर बोलत बाजूला गेला.

मग टीटी. सुटताना तो थांबा आहे. लाल हॅचबॅकताईंनी म्हटलं तसं नव्हे, हा खरोखरचा टर्बोचा आहे, आणि त्यात ड्युअल क्लचचा हिसका मिसळतो. पहिल्या दोन सिग्नलला मी वैतागलो. तिसऱ्याला पाय आधीच थोडा टेकवून ठेवला तर जाणवेनासा झाला. पण जामठ्याच्या पुढे एक ट्रक ओलांडायला दाबलं, आणि ८० वरून जी ओढली... मागे सीटमध्ये रुतलो. आकडा थांबल्यावर ६६, धावताना लगेच ५३. तो पुन्हा पुन्हा खाली येत होता. बाहेर ४५ होतं.

मिस्त्रींचं बोट घालायचं काम मालकाने करू दिलं नाही, म्हणाला सर्व्हिस सेंटरला करू. आयडलवर ठेवून रेस दिली, धूर दिसला नाही.

पुणेरी_पिस्टन

ती माती पाहिल्यावर सुपरचार्जरवर खापर फोडता येणार नाही हं. तो इंटरकूलर टर्बोच्या गाडीत असता तरी सत्तरच दिसले असते.

बजाजनगरचा_मास्तर

बरोबर. या दोन आकड्यांवरून टर्बो विरुद्ध सुपरचार्जर असा निकाल लावू नये. एक गाडी सांभाळलेली आहे, दुसरी नाही, एवढंच सिद्ध झालं. मी तर म्हणेन, स्वच्छ एसएलके आणि मळकी टीटी असती तर मी एसएलके घ्यायला सांगितलं असतं, मिस्त्री रागावले तरी.

वाडीचा_मिस्त्री

मी कायले रागावतो? पन पुराची गाडी असन तं इंटरकूलर धुऊन भागत नाही. सीटखालचा गालिचा उचलून वास घेतला असता तं समजलं असतं. वायरिंगमंदी पानी शिरलं तं दर पावसाळ्यात नवा बिमार.

लाल_हॅचबॅक

हिसका ड्युअल क्लचचा आहे म्हणता, तर त्याची सवय होते. पण गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे इंच-इंच सरकवत नेऊ नका, क्लच तापतो. जागा होऊ द्या, मग एकदम पुढे घ्या. नागपुरात त्या जागेत कोणीतरी अ‍ॅक्टिव्हा घालणार, हे गृहीत धरा.

एसएलकेत साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा ऑटोमॅटिक) होता, तो गर्दीत जास्त मऊ वाटणारच. तुमच्या 'सरळ' वाटण्यात थोडा वाटा त्याचाही आहे, सगळं श्रेय सुपरचार्जरला देऊ नका.

सिव्हिल_लाइन्स

एनओसी 'एप्लाय की है' आणि वर काळी माती. हे वाचून मी पुढचं लिहायचंच सोडलं. टीटीची आरसी वाहन पोर्टलवर तपासा, कर्जाचा बोजा चढवलेला आहे का बघा, आणि नोंदणी कधी संपते ती तारीख पाहून नूतनीकरणाचा खर्च कोण करणार ते लेखी घ्या.

मनीषनगरी

झालं. काल टीटीला टोकन दिलं. सर्व्हिस सेंटरला वर उचलून पाहिली, टर्बोच्या चाकाला आत-बाहेर हालचाल नाही, पाइपात नुसता तेलाचा ओलसरपणा. टॉपअपच्या नोंदी आहेत पण वावग्या नाहीत. नूतनीकरणाचा खर्च मालकाने किमतीत कमी केला. बायको म्हणाली मागच्या नावापुरत्या सीटवर सांबारवडीचा डबासुद्धा मावणार नाही.

एसएलकेचं मनात आहेच. पण दिल्लीची आणि चिखलातली नको. कोणाकडे स्वच्छ, महाराष्ट्रातली नजरेत आली तर पिस्टनरावांना कळवा, ते दोन ठेवतील.

मिस्त्री, पहिलं तेल तुमच्याकडेच बदलू का? कोणतं घालता?

वाडीचा_मिस्त्री

फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, पन डब्यावर फोक्सवॅगनचा ५०२.०० नंबर पाहूनच. बिलावर तोच नंबर लिहून घेजा. पुस्तकात काहीही लिवलं असो, आपल्या उन्हात दहा हजारावर बदलजा, आन दर हजारावर काडी काढून पाहत जा. इंटरकूलर पानसाळ्याआधी धुऊन देतो, त्याचे पैसे नाही घेत.

येजा सकाळी नवाच्या आत. अकरानंतर मे महिन्यात आमचं कोणी बोनेटमंदी हात घालत नाही.